उसने डोळे

चित्र त्याच भिंतीवर होतं. अभनपूरच्या त्या घराची कौलं जाऊन वर स्लॅब आला होता, सारवलेल्या जमिनीच्या जागी चकचकीत फरशी आली होती, आणि दार उघडणाऱ्या सूनबाईंनी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर दिलं होतं. पण समोरच्या खोलीत, घड्याळाच्या शेजारी, चंदनाच्या माळेखाली ती बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती. मी एक चप्पल काढली आणि दुसरी काढायची विसरलो. चित्रातली बाई या घरची, चाळीसेक वर्षांपूर्वी गेलेली सून. ते डोळे मात्र या घरातल्या कुणाचे नव्हते. ते माझ्या ताईचे होते.

मी चित्रकार आहे, माणसं काढतो. आता साठी उलटली. भोपाळ, दिल्ली, नागपूर अशी प्रदर्शनं झाली, चार लोक ओळखतात, पुस्तिकेत नावाखाली ‘माध्यम : कॅनव्हासवर तैलरंग’ असं छापून येतं. कुठे शिकलात, असं विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगतो. रायपूरच्या पंडरी कापडबाजारातल्या त्या अरुंद दुकानाचं नाव मी जन्मात कुणाला सांगितलं नाही. तिथे दोन गोष्टी व्हायच्या. समोरच्या बाजूला कापडवाल्यांच्या पाट्या रंगायच्या आणि मागे, पडद्याआड, मेलेल्या माणसांचे फोटो व्हायचे.

दुकान बिसाहू पेंटरचं. बुटका, काळा, कायम पान खाणारा माणूस, पण पडद्याआड गेला की तोंड धुऊन यायचा. काम काळ्या पावडरचं. जाड कागद, काजळीसारखी बारीक पावडर, कापसाचा बोळा, केस कापून आखूड केलेला ब्रश आणि टोक काढलेलं रबर. पावडर नुसती कागदावर बसलेली असते, शिंक आली तरी गाल उडून जायचा. म्हणून तोंडाला रुमाल बांधायचा आणि पंखा बंद करायचा. मे महिन्यात, रायपूरच्या उन्हात, पंखा बंद! घामाचा थेंब कागदावर पडला की आख्खा चेहरा पुन्हा. त्या खोलीचा वास अजून नाकात आहे. पान, रॉकेल, आणि बाहेरून येणारा नव्या कापडाच्या खळीचा वास.

त्या काळी खेड्यापाड्यांत माणूस जिवंत असताना फोटो काढायचं कुणाला सुचायचं नाही. तो गेला की मग धावाधाव करून फोटोवाल्याला आणायचे. तिरडीवर, हळदकुंकू लावलेला, नाकात कापूस, डोळे मिटलेले, असा एकुलता एक फोटो. तो घेऊन लोक आमच्याकडे यायचे. तेरवीच्या आत चित्र पाहिजे, आणि डोळे उघडून पाहिजेत.

‘‘मुंदाय आंखी के फोटू घर मा नइ टांगय, बाबू,’’ बिसाहू मला त्याच्या छत्तीसगढीत म्हणायचा. मिटल्या डोळ्यांचं माणूस घरात टांगत नाहीत. मग डोळे आणायचे कुठून? त्याची रीत ठरलेली होती. ‘‘घर के मनखे ला बइठार अउ ओकर आंखी देख.’’ घरचं माणूस समोर बसवायचं. मुलगा, भाऊ, बहीण, ज्याचे डोळे मिळतेजुळते असतील तो. त्याचे डोळे बघायचे आणि गेलेल्याला द्यायचे. बिसाहू हे फार अदबीने करायचा. रडून आलेल्या माणसाला पाणी द्यायचा, उजेडात बसवायचा, म्हणायचा, बस, थोडंसं बघा माझ्याकडे.

मला ते जमलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि लाजरा होतो. माझ्या वाट्याला पहिलं स्वतंत्र काम आलं ते अभनपूरचं. पंचवीस-सव्वीस वर्षांची सून गेली होती. फोटो घेऊन तिचा नवरा आला होता, आमच्यासारखाच मराठी बोलणारा. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला. मी त्याला विचारायला हवं होतं की हिला बहीण आहे का, डोळे कुणासारखे होते, रंग कसा होता. त्याच्या चपलांकडे बघून मला ते विचारवलं नाही. मी फोटो घेतला, ‘हो’ म्हणालो आणि तात्यापाऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत घरी घेऊन आलो.

घरात आम्ही दोघंच. बाबा रेल्वेत होते, ते आणि आई मागोमाग गेले तेव्हा मी शाळेत होतो. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही, किंवा माझ्यापायी तिचं झालं नाही, ते मी कधी विचारलं नाही. पंडरीच्या एका दुकानातून ती साड्या आणायची आणि फॉल लावून द्यायची. खिडकीजवळ पाट, पाटावर साडी, ओठांत सुई. घर कायम कोऱ्या साड्यांनी भरलेलं असायचं, पण आमची त्यातली एकही नसायची.

त्या दिवशी मी तिच्यासमोर कागद मांडला. पंखा बंद केला. ‘‘ताई, वर पाह.’’

‘‘काहून?’’

‘‘एका बाईले डोळे पाहिजेत.’’

तिने ओठांतली सुई काढली आणि माझ्याकडे बघितलं. मोठे, काळेभोर डोळे. काही विचारायच्या बेतात असलेले. मी खूप वेळ बघत होतो. पहिल्यांदाच बघत होतो म्हणा ना, घरच्या माणसाकडे आपण कधी बघतो? संध्याकाळपर्यंत ती मेलेली बाई कागदावरून बघायला लागली. शेवटी रबराच्या टोकाने दोन्ही बुबुळांत उजेडाचे दोन ठिपके काढले. आमच्या धंद्यात त्याला जीव घालणं म्हणत.

‘‘आता तुझंच काढतो,’’ मी खुशीत येऊन म्हणालो.

ताई एकदम मागे सरकली. ‘‘डोळे घे पाहिजे तेवढे. चेहऱ्याले हात लावू नको.’’

‘‘अन् काहून नको?’’

‘‘पावडरीत चेहरा गेला का माणूस भिंतीवर जाते. मी अजून खाली बसून फॉल लावून राहिली ना?’’

हे तिचं एकटीचं खूळ नव्हतं. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळेच तसं मानायचे. काळ्या पावडरचा चेहरा म्हणजे माळ आलीच. पुढे कितीही वर्षं गेली, ताईने डोळे दिले, चेहरा दिला नाही. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर तिथे उलटं. फोटो काढताना ती नेमकी डोळे मिटायची. चुलतभावाच्या लग्नात, नागपूरच्या स्टेशनवर, मतदानाच्या कार्डावर, सगळीकडे मिटलेले. आम्ही फार हसायचो यावर. मी म्हणायचो, तू कॅमेऱ्याला उधारीवाल्यासारखी टाळतेस.

अभनपूरचं चित्र मी स्वतः बसने नेऊन दिलं. वाटेत धूळ लागू नये म्हणून ताईने ते साडीच्या उरलेल्या तुकड्यात गुंडाळलं होतं. नवऱ्याने चित्र दोन्ही हातांनी धरलं, बराच वेळ बघितलं आणि काही न बोलता आत नेलं. बिसाहूला वाटलं, काम उत्तम झालं. मलाही तसंच वाटलं.

मग ती सवयच पडली. घरचं माणूस बसवायची कटकट नको, कुणाला रडताना बघायला नको. पोरगा असो, म्हातारी असो, गावचा जमीनदार गौटिया असो नाहीतर रेल्वेचा गँगमन, मी डोळे ताईचे द्यायचो. वयाप्रमाणे कडेला सुरकुत्या वाढवायच्या, पुरुषाच्या भुवया जाड करायच्या, झालं. पावसाळ्यात पावडर सादळायची म्हणून ताई डब्यात मूठभर तांदूळ टाकून ठेवायची. दाणे काळे पडले की पाखडून नवे टाकायची. हिवाळ्यात खिडकीतून तिरपं ऊन पाटावर यायचं आणि अख्खी दुपार सुईच्या आवाजात जायची. नव्या कापडातून सुई निघताना बारीक टक् असा आवाज येतो. मधूनच मी म्हणायचो, ताई, वर पाह. आवाज थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.

एक गोष्ट आज कबूल करतो. पहिली दोन-तीन चित्रं सोडली तर पुढे माझा हात बसला होता. मला बघायची गरज उरली नव्हती. ‘वर पाह’ म्हणायची सवय तेवढी उरली. ती वर पाहायची. मी कागदाकडेच बघत असायचो.

पुढे कॉलेजात गेलो आणि तैलरंग हाती आले. टर्पेंटाइनचा वास घरात शिरला, आणि माझ्या डोक्यातही. पावडर म्हणजे धंदा, तेल म्हणजे कला, असं मला कुणी शिकवलं नव्हतं, पण मी ते लगेच शिकलो. पावडरचा डबा फळीवर मागे गेला. बिसाहूकडे जाणं कमी झालं, मग थांबलं. माझ्या कॅनव्हासवर बायका यायला लागल्या. धान रोवणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, वाकलेल्या, आणि सगळ्या पाठमोऱ्या. दिल्लीच्या एका बाईंनी त्यावर मोठा लेख लिहिला, स्त्रीचं मौन वगैरे. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर समोरून काढली की तिला ताईचे डोळे यायचे, आणि मला पडद्याआडची ती खोली आठवायची. लाज वाटायची मला.

ताईला तेलाचा वास सोसायचा नाही. साड्यांना लागेल म्हणून ती पाट घेऊन पडवीत बसायला लागली. ‘‘तुहं तेल काही वाळत नाही बाप्पा,’’ ती बाहेरून म्हणायची. ‘‘पावडर बरी होती. फुंकली का साफ.’’ तिथून आमचं बोलणं भिंतीआडून व्हायला लागलं.

मग नवीन राज्य झालं. आपलं गाव राजधानी झालं म्हणून पाऱ्यात पेढे वाटले गेले. शहरभर पाट्या बदलायची घाई उडाली आणि म्हाताऱ्या बिसाहूला पुन्हा काम आलं. शिडीवर चढून तो ‘मध्य प्रदेश’वर पांढरा हात मारायचा आणि वर ‘छत्तीसगढ़’ लिहायचा. दोन पावसाळ्यांत पांढरा रंग धुपला आणि काही पाट्यांवर खालची अक्षरं वर दिसायला लागली. तोवर फ्लेक्स आला होता. बिसाहू बीरगांवला मुलाकडे राहायला गेला. मी भेटायला जाईन जाईन म्हणत होतो.

तो गेला त्याच हिवाळ्यात ताई एकदा आपणहून म्हणाली, ‘‘तेलात काढतात ना जित्या मानसाचं? मंग काढ माह्यं.’’

मला खरंच वाटेना. मी मोठा कॅनव्हास तयार केला. ठरल्या दिवशी ताई सकाळी न्हाऊन कोसाची रेशमी साडी नेसून बसली. तिच्या हाताखालून हजारो साड्या गेल्या असतील, त्यातली ही एक तिने स्वतःसाठी घेतली होती. तिला हातांचं काय करावं कळेना, सुई नव्हती ना. मी कोळशाने रेघा मारल्या. खांदा, मान, केसांचा भांग. तासभर झाला असेल. मग एका सरकारी दफ्तरातून निरोप आला. नव्या इमारतीसाठी जुन्या पुढाऱ्यांची बारा तैलचित्रं हवी होती, आणि ती उद्घाटनाच्या आत.

‘‘ताई, उद्या बसू.’’

दुसऱ्या दिवशी पहिल्या पुढाऱ्याची धुरकट छपाई समोर लावली. डोळ्यांच्या जागी नुसते दोन डाग. सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘‘ताई, वर पाह.’’

ती पडवीतून दारात आली. कोसाची साडी नेसलेली होती, उद्या म्हणालो होतो ना मी. ‘‘अस्सं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हंजे मी डोळेच.’’ रागावली नव्हती. हसलीसुद्धा. आत जाऊन साडी बदलून आली, घडी नीट घातली आणि उजेडात येऊन बसली. आजही त्या दफ्तरात एका मोठ्या खुर्चीमागे एक मिशाळ पुढारी ताईच्या डोळ्यांनी बघतो आहे. आल्यागेल्याला जेवलास का म्हणून विचारेल असा.

त्यानंतर कॅनव्हास भिंतीला टेकून राहिला. नंतर ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुई सुटली. दुकानदाराने साड्या देणं बंद केलं आणि घरातला खळीचा वास गेला. मग एक दिवस ताई गेली.

भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. मतदानाचं कार्ड घेऊन मी स्टुडिओत गेलो. कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी फार गोड होती. म्हणाली, ‘‘अंकलजी, आंखें तो दो मिनट में खोल दूंगी. किसकी लगाऊं?’’

किसकी लगाऊं! मी कार्ड खिशात घातलं आणि घरी आलो. रस्त्यात उभं राहून रडावंसं वाटलं, पण लोक ओळखतात ना आता.

तैलरंगात करून बघितलं. जमेना. तेल थांबतं, सुधारू देतं, पुन्हा पुन्हा विचार करू देतं, आणि मला विचार नको होता. शेवटी फळीवरून पावडरचा डबा काढला. झाकण निघेना, चमच्याने उचकटलं. आत तिने टाकलेले तांदळाचे दाणे होते, काळेठिक्कर. मी ते तसेच ठेवले. पंखा बंद केला, तोंडाला रुमाल बांधला आणि तिच्या चेहऱ्याला पहिल्यांदा हात लावला. दोन दिवसांत चेहरा आला. भांग, कपाळ, ओठांवर सुईची ती जागा. फक्त डोळे मिटलेले. उघडायला गेलो तर हाताला जे यायचं ते गौटियाचे होते, गँगमनचे होते, पुढाऱ्याचे होते. सवयीचे डोळे. चार वेळा पुसले. बघून काढलेले डोळे कुठे असतील, तर ते पहिल्या कामात. अभनपूरला.

म्हणून मी त्या भिंतीसमोर उभा होतो, एका पायात चप्पल घालून.

‘‘बसा ना,’’ आतून आवाज आला. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. तोच नवरा. सूनबाईंनी चहा ठेवला. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ‘‘तो पोट्टा तुमीच का? साडीच्या तुकड्यात गुंडाळून आनला होता फोटो. तुकडा हाय अजून घरात.’’

मी मान हलवली. तेच म्हणाले, ‘‘एक सांगू का भाऊ? तिचे डोळे असे नव्हते.’’

मी कप खाली ठेवला.

‘‘बारीक होते. भुरे. एक जरासा तिरपा. पाहिल्याबरोबर समजलं मले.’’

‘‘मंग तेव्हाच काहून नाही बोलले?’’

‘‘तेरवी होती. घर भरलं होतं. अन् तुमी असे उभे होते, वाटलं बोललो त रडसान.’’ ते हसले. मग चित्राकडे वळले. ‘‘पहिले पहिले राग ये. मंग वाटलं, कोनी का असेना, पाहून त राहिलं हाय माह्याकडे. आता तिचे कसे होते, आठवाले बसलो त हेच येतात.’’

मी खाली बघत होतो. या माणसाजवळ तिची एकच आठवण उरली होती, ती मी लाजेपायी पुसली होती. एक प्रश्न विचारायचा होता फक्त. माफ करा, असं मी म्हणालो, पण इतक्या हळू की त्यांना ऐकू गेलं नसावं.

‘‘कोनाचे हाय हे?’’

‘‘माह्या ताईचे.’’

‘‘हाय का त्या?’’

‘‘नाही.’’

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, ‘‘रोज दिवा लावला का बोलतो मी यांच्याशी. पोरीचं लग्न, शेताचा वाटा, गुडघ्याचं दुखणं. तुमच्या बहिणीले माह्या घरचं सारं ठाऊक हाय भाऊ.’’

मी पिशवीतून कागद काढला आणि गुंडाळी उघडली. म्हाताऱ्यांनी वाकून मिटल्या डोळ्यांचा तो चेहरा बघितला, मग एकदा भिंतीकडे बघितलं. मी पंख्याकडे बघताच स्वतः उठले, काठी टेकत बटणापर्यंत गेले आणि पंखा बंद केला. सूनबाई ‘‘बाबूजी, गर्मी है’’ म्हणाल्या, तर त्यांनी हाताने गप्प केलं.

मी रुमाल बांधला. डबा उघडला. ब्रश पावडरीत बुडवला तेव्हा तांदळाचे दाणे टोचले. कागदावर वाकलो आणि तसाच राहिलो. ती समोर होती, भिंतीवर, एकतीस वर्षांची, ओठांतली सुई नुकतीच काढलेली. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. इतकी वर्षं ती वर बघत राहिली आणि मी कागदाकडे. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडेल म्हणून मी मान बाजूला केली.

‘‘भाऊ,’’ म्हातारे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘वर पाहा ना. खाली पाहून कसे काढसान?’’

मी वर पाहिलं.